कंपनीत काय असतं

दांडियाबाजारात, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
सात ते आठ मी इंग्रजी शिकवते.
पंख्याला तीन पाती, त्यातलं एक वाकडं.
समोर सात जण. सहा जण मोबाइलकडे बघतात,
भूपत सोळंकी माझ्या तोंडाकडे,
शब्द बाहेर पडताना कसा दिसतो ते पाहायला.

मकरपुऱ्याच्या कारखान्यात तो बाटल्या तपासतो.
उजेडासमोर धरायची, बुडबुडा दिसला की बाजूला.
शब्दही तसेच धरतो. मागच्या महिन्यात
'सॅलरी' दिली त्याला, फिरवून फिरवून पाहिली.
म्हटलं, आत मीठ आहे. लॅटिन मीठ.
शिपायांना म्हणे मिठासाठी पैसे मिळत,
खरं-खोटं त्या शिपायांना ठाऊक.
तो म्हणाला, "खाल्ल्या मिठाला जागायचं,
ते हेच का?"
हेच, म्हटलं, आणि खडू शोधत राहिले.
तीस वर्षं शिकवतेय,
हे दोन डबे एकाच फळीवर ठेवायचं सुचलं नव्हतं.

'लेडी'च्या दिवशी रंजनबेन हसल्या होत्या.
जुन्या इंग्रजीत लेडी म्हणजे कणीक मळणारी,
लॉर्ड म्हणजे त्या भाकरीचा राखणदार.
"मळायचं आम्ही, राखायचं त्यांनी?
तिकडेही?"
तिकडेही, रंजनबेन.

काल भूपत वही न घेता आला.
खिशात चार घड्यांचा कागद, खाली शिक्का.
"वाचता येतंय मला," म्हणाला, "पण तुम्ही वाचा.
माझं वाचन चुकलं असेल तर बरं."

चुकलं नव्हतं.
कंपनी दिलगीर आहे.

दिलगिरीच्या जागी जो इंग्रजी शब्द होता
तो मी कोशात पाहिला, हाताला दुसरं काही सुचेना म्हणून.
जुन्या फ्रेंचमध्ये: मेलेल्यासाठी रडणं.
हे त्याला सांगितलं नाही.
त्याने विचारलं ते दुसरंच,
"आणि कंपनीत काय असतं, बाई?"

पाव असतो, भूपत.
कॉम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे भाकरी.
एका भाकरीभोवती बसलेली माणसं, ती कंपनी.
तीच भाकरी पोर्तुगालात गेली, गलबतात चढली,
आपल्या किनाऱ्यावर पाव होऊन उतरली.
पगारही तिथलाच, त्याच धक्क्यावरचा.
आणि मराठीत तर पाव म्हणजे चौथा हिस्सा,
शिवाय देवापुढे हात जोडून म्हणायचा शब्द,
पाव रे बाबा, आता तरी पाव…

इथे लक्षात आलं की मी तास घेते आहे.

तो कागद दिव्यासमोर धरून पाहत होता.
काहीतरी बोलला गुजरातीत, हळू.
मी ते मराठीत ऐकलं:
भरल्या ताटावरून उठवलं.

वर्ग लवकर सोडला.
कोपऱ्यावरच्या लारीशी उभे राहिलो दोघं.
सेव-उसळ, वर लाल तर्री, कांद्याची पात,
आणि पाव जोडीने, मधोमध चिकटलेले.
एका हातात वाडगा असला की ते सुटत नाहीत.
एक बाजू त्याने धरली, एक मी.
असं कधी खाल्लं नव्हतं मी विद्यार्थ्यासोबत.
पैसे त्याने दिले. मी नको म्हटलं नाही,
तेवढं एक शहाणपण काल मला सुचलं.

"उद्या अर्ज शिकवा," तोंड भरलेलं असताना म्हणाला.
"वर काय लिहायचं असतं?"
डिअर सर.
"सरमध्ये काय असतं?"
म्हातारा, म्हटलं. मुळात नुसता म्हातारा.
तो हसला तसा रस्सा ठसकला,
डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना.
लारीवाल्याने मान वर न करता
पाण्याचा ग्लास सरकवला,
आणि न मागता एक पाव.